तीन वितींवरचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे आणि माझ्यातून पाहून तुम्हाला पुस्तक वाचता येणार नाही. अक्षरे पुसट दिसतील. पण हात पुढे करून बोटे पाहिलीत तर नखावरचा पांढरा ठिपकाही दिसेल. मी तेवढ्या अंतरासाठीच बनलो आहे. माझ्या डाव्या काचेला एक खड्डा आहे आणि उजवी दांडी तारेने बांधलेली आहे. हे दोन्ही कसे झाले ते सांगतो.

माझा जन्म मार खाऊन झाला. चष्म्याच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती. तिथे घासायचे चाक होते. माझ्या काचा आधी गोल, निर्बुद्ध चकत्या होत्या. चष्मेवाल्याने त्या चाकावर दाबल्या आणि कडा घासल्या. पाणी उडत होते, वास येत होता, मी किंचाळत होतो. त्याला तो आवाज रोजचाच. मग त्याने फ्रेम गरम केली, वाकवली, काचा अंगठ्याने आत दाबल्या. खट् असा आवाज झाला आणि मी चष्मा झालो.

पण त्याच्या आदल्या दिवशी एक गोष्ट घडली होती. ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

माझी मालकीण लाकडाच्या वखारीत काम करायची. वखार तिच्या नवऱ्याची. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. पाडलेल्या घरांचे जुने लाकूड वखारीत यायचे. चौकटी, वासे, तुळया. त्यांच्या फळ्या काढायच्या आणि नव्या दारांसाठी विकायच्या. मध्यभागी मोठे लोखंडी टेबल होते आणि त्याच्या पोटातून गोल करवतीचे पाते वर आलेले होते. जुन्या लाकडात खिळे असतात. फिरते पाते खिळ्यावर आदळले की लाकडाचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा मागे सुटतो. म्हणून फळी पात्याला लावण्याआधी खिळे शोधून उपटायचे असतात. ते काम मालकिणीचे होते. ती टेबलाशी ताठ उभी राहायची, पात्याच्या रेषेतून थोडी बाजूला, आणि हात लांब करून लाकूड फिरवायची. गंजलेला, रंगाखाली बुजलेला, डोके तुटलेला खिळाही तिला दिसायचा. मिस्त्री म्हणायचा, "हिच्या नजरेतून खिळा सुटला तर समजायचं तो खिळा नव्हताच."

चाळिशी ओलांडल्यावर तिला लाकूड धूसर दिसू लागले. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली आणि नंबराचा कागद घेऊन चष्म्याच्या दुकानात आली. चष्मेवाला किरकोळ बांध्याचा, फार प्रश्न विचारणारा माणूस होता. त्याने कागद बाजूला ठेवला.

"वहिनी, काम काय करता?"

"खिळे उपटते."

"अख्खा दिवस?"

"मधे नवऱ्याचं डोकं पण खाते."

चष्मेवाला हसला नाही. त्याने दुकानाला कुलूप लावले आणि तिच्याबरोबर वखारीत आला. मिस्त्री तेव्हा दारे पोचवायला गेला होता. चष्मेवाल्याने तिला टेबलाशी उभे केले. "रोज धरता तसं लाकूड धरा," म्हणाला. मग डोळ्यापासून लाकडापर्यंतचे अंतर त्याने आपल्या विती टाकून मोजले. पुरत्या तीन विती भरल्या.

दुकानात परतल्यावर तो माझ्या चकत्या हातात धरून स्वतःशी बोलला. "डॉक्टरांचा कागद खोटा नाही. पण डॉक्टरांचं 'जवळ' पुस्तकाचं आहे. पावणेदोन विती. तेवढं जवळ बघायला ही बाई वाकली, तर तोंड पात्यावर येईल." त्याने कागदावरचा जवळचा नंबर कमी केला आणि तीन वितींना जुळेल असा माझ्या खालच्या भागात बसवला. कागदावर मात्र काही लिहिले नाही. मालकिणीलाही सांगितले नाही. "मी बघतो काय करायचं ते," एवढेच तो तिला म्हणाला होता. त्याचे स्वतःशी बोलणे ऐकायला त्या खोलीत मी एकटाच होतो.

पहिल्यांदा मी तिच्या नाकावर बसलो तेव्हा तिने एक वासा उचलला, हात लांब केला आणि म्हणाली, "अगंबाई! हे काय, मुंगीचे पायसुद्धा मोजून घ्या."

नऊ वर्षे मी वखारीत काम केले. मित्रांनो, ते सोपे आयुष्य नव्हते. पाते सुरू झाले की हवा फाटल्यासारखा आवाज यायचा. भुशाचे कण माझ्यावर आपटायचे. लाकडातली गाठ कापताना पाते गुरगुरायचे, जळका धूर यायचा. एकदा पात्याचा दातच तुटून छपराच्या पत्र्यात घुसला. एकदा मिस्त्रीच्या अंगठ्याचे टोक गेले. त्याने ते भुशात शोधले आणि सापडेना तेव्हा मालकिणीने शोधून दिले. "हे घ्या. आता मोजताना एक अंगठा कमी धरा," ती म्हणाली. तिचा आवाज थट्टेचा होता, पण तिच्या डोळ्यांचे पाणी माझ्या काचांना आतून लागले होते.

माझ्या काचेतला खड्डा तिसऱ्या वर्षीचा. तुळईच्या पोटात खोलवर एक खिळा होता. तो बाहेरून कोणालाच दिसला नसता. पाते त्यावर आदळले, ठिणग्या उडाल्या आणि सुपारीएवढा तुकडा सुटून थेट माझ्यावर आला. मी तिच्या कपाळावर आपटलो. भुवई फाटली. रक्त माझ्यावरून ओघळले. मिस्त्री ओरडत धावला. तिने मला काढले, एक डोळा मिटून पाहिले, मग दुसरा.

"दिसतंय का? अगं दिसतंय का सांग!"

"दिसतंय हो. तुमचं तोंड दिसतंय. दुर्दैव माझं."

मिस्त्री जमिनीवरच बसला. त्या दिवशी मला दाखवायला चष्म्याच्या दुकानात नेले, तर चष्मेवाला आलेल्या प्रत्येकाला माझा खड्डा दाखवत होता. "ती ताठ उभी होती आणि बाजूला होती, म्हणून डोळ्यावर निभावलं," तो म्हणाला. "वाकलेली असती तर हा गळ्यात असता." त्याने काच बदलतो म्हटले, पण मालकिणीने नको म्हटले. "याने माझ्यासाठी मार खाल्लाय. राहू दे." माझे एवढे कौतुक त्याआधी झाले नाही आणि त्यानंतरही झाले नाही.

पण वस्तू जुनी होते. भुशाने माझ्या काचांवर ओरखडे पडले. एक दांडी तुटली, ती मिस्त्रीने तारेने बांधली. तार तिच्या कानामागे टोचायची. माझ्या वजनाने नाकाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते. संध्याकाळी मला काढले की ती तिथे बोटांनी चोळत बसायची. मिस्त्री ते पाहायचा. तो गोड बोलणारा माणूस नव्हता, पण असे काही त्याच्या नजरेतून सुटायचे नाही.

डॉक्टरने डोळे पुन्हा तपासले. नवा कागद दिला. नवा चष्मा फोनवरूनच मागवायचा म्हणून मिस्त्री तो कागद आणि फोन घेऊन लेकीजवळ बसला. लेक कॉलेजात होती. तिचा स्वतःचा चष्मा असाच फोनवरून मागवलेला होता आणि तिला त्यातून फळ्यावरचे शेवटच्या बाकावरून दिसायचे. तेव्हा त्यांच्या मनात शंका यायचे कारणच नव्हते.

"हलका पाहिजे," मिस्त्री म्हणाला. "पिसासारखा. आईच्या नाकाला लागता कामा नये."

"बाबा, लाल फ्रेम घेऊया?"

"घे. तिला विचारू नको, ती काळी म्हणेल."

मालकीण म्हणाली, "अहो, चष्मेवाल्या भाऊंना एकदा दाखवून आले असते."

"त्याच्याकडे गेलं की तो दहा प्रश्न विचारणार. कागद आहे ना डॉक्टरांचा? त्यात सगळं आहे. इथे तसंच्या तसं भरायचं."

फोनवर एके ठिकाणी डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर विचारले होते. मिस्त्रीने पोलादी पट्टी आणली. तिला खिडकीशी बसवले, पट्टी तिच्या नाकावर टेकवली आणि श्वास रोखून पाहू लागला.

"हलू नको. अर्धा मिलिमीटर चुकेल."

"अहो, मी काय दाराची चौकट आहे?"

"चौकट असतीस तर गप्प बसली असतीस."

लेक हसत होती. मालकीण हसू दाबत होती, त्यामुळे पट्टी हलत होती. त्याने तीनदा मोजले. तिन्ही वेळा एकच आकडा आला. मित्रांनो, तो आकडा बरोबर होता. पुढे चष्मेवाल्याने यंत्रावर मोजला तेव्हाही तोच आला. कागदावरचा प्रत्येक नंबरही त्यांनी नीट भरला. 'दूर' समोर दूरचा, 'जवळ' समोर जवळचा. मी टेबलावर पडून सगळे पाहत होतो. 'जवळ' हा शब्द लेकीने मोठ्याने वाचला तेव्हा मला ओरडावेसे वाटले. पण चष्म्याला तोंड नसते.

नवा चष्मा आठवड्याने आला. लाल, नाजूक, सुंदर. मला त्याचा राग आला नाही, खरेच सांगतो. तो त्याला सांगितलेले काम चोख करत होता. मालकिणीने घरी तो लावून वर्तमानपत्र वाचले आणि खूश झाली. मला वखारीच्या भिंतीवर टांगले गेले. पात्याच्या टेबलासमोरच.

पहिल्या दिवशी तिने वासा उचलला, हात लांब केला आणि थांबली. डोळे मिचकावले. मान वर केली, खाली केली. मग वासा जवळ ओढला. "अहो, हातातलं नीट दिसत नाहीये," ती म्हणाली.

"नवा आहे. चार दिवस लागतात. सवय होईल."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली. मिस्त्री पाते घासत होता. "आमच्या सगळ्यांना असंच झालं होतं. सारखा काढत-घालत राहिलीस तर कधीच सवय होणार नाही," असे म्हणाला. त्याने हे चिडून म्हटले नाही, समजुतीने म्हटले. तिला नवीन चष्म्याचा त्रास संपावा, नाकाचा खड्डा भरून यावा, एवढेच त्याला हवे होते.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ आली. मला खाली उतरवले, हातात घेतले. मिस्त्री लांबून पाहत होता. त्याच्या तोंडाकडे पाहून तिने मला पुन्हा टांगले. "बरं, बघते," म्हणाली. त्याने हौसेने आणलेली वस्तू होती ना.

मग तिने आपला उपाय शोधला. हात लांब करून लाकूड दिसत नव्हते, म्हणून ती वाकू लागली. नऊ वर्षे ताठ राहिलेली बाई कमरेत वाकून तोंड लाकडाजवळ न्यायची. पावणेदोन वितींवर नेले की तिला स्वच्छ दिसायचे. डॉक्टरांच्या 'जवळ'वर.

चौथ्या दिवशी सकाळी जुन्या दाराचा जाड खांब टेबलावर होता. ती अलीकडून तो ढकलत होती, मिस्त्री पलीकडच्या टोकाला फळी ओढायला उभा होता. पाते सुरू होते. निम्मा खांब चिरून झाला असेल, तेव्हा तिला पुढे रंगाखाली काहीतरी शंकास्पद दिसले. पूर्वी ती जागेवरूनच ओळखायची आणि हात वर करून थांबवायची. आता ती पाहायला पुढे वाकली. तिचे तोंड पात्याच्या रेषेत आले. मिस्त्रीने ते पाहिले. "मागे हो!" तो ओरडला. पात्याच्या आवाजात ते बुडाले.

खिळाच होता.

पाते किंचाळले. तळहाताएवढी ढलपी सुटली आणि तिच्या गळ्यात घुसली. ती पडली नाही. हळूच खाली बसली, दमल्यासारखी. रक्त उडून टेबलावर, फळीवर, समोरच्या भिंतीवर आले. माझ्यावरही आले. मिस्त्री टेबलावरून उडी मारून तिच्याकडे गेला. त्याने दोन्ही हातांनी तिचा गळा दाबून धरला. बोटांतून रक्त येतच राहिले. खालचा भुसा ते पीत होता आणि काळा होत होता. ती काहीतरी बोलत होती. ओठ हलत होते. पाते बंद करायला कोणी नव्हते. ते तसेच फिरत होते, आणि त्याच्या आवाजात ती काय बोलली ते मिस्त्रीला ऐकू आले नाही. मलाही नाही. लेक धावत आली, तिने कळ दाबली. पाते थांबले तेव्हा ती गेली होती.

लाल चष्मा तिच्या नाकावर तसाच होता. त्याला ओरखडासुद्धा आला नव्हता.

पंधरा दिवस वखार बंद राहिली. सोळाव्या दिवशी त्याने घण घेतला आणि करवतीच्या टेबलावर घाव घातले. पाते वाकले, लोखंड चिरले. लेक दारात उभी राहून रडत होती. मग त्याने भिंतीवरून मला उतरवले, लाल चष्मा आणि डॉक्टरांच्या नव्या कागदाबरोबर खिशात कोंबले आणि तो चष्म्याच्या दुकानाकडे निघाला. घण हातातच होता.

दुकानात पाऊल टाकताच त्याने काचेच्या कपाटावर घाव घातला. काचा कोसळल्या. फ्रेमा जमिनीवर सांडल्या, तो त्या तुडवत पुढे गेला. चष्मेवाला आडवा आला तेव्हा त्याला कॉलरला धरून भिंतीवर आपटला. त्याचे कपाळ फुटले.

"नऊ वर्षं तुझा चष्मा चालला! आम्ही डॉक्टरांच्या कागदावरचाच नंबर भरला, तसाच्या तसा! मग ती वाकली का? सांग, वाकली का?"

चष्मेवाला धापा टाकत म्हणाला, "मारा. पण आधी दोन्ही चष्मे आणि कागद इकडे द्या."

त्याने लाल चष्मा यंत्राखाली धरला. कपाळाचे रक्त डोळ्यांत येत होते, ते बाहीने पुसत आकडे वाचले. "बरोबर आहे. कागदाबरहुकूम. मधलं अंतरसुद्धा." मग मला धरले. माझे आकडे त्याने दोनदा वाचले.

"हा तेव्हाच्या कागदाप्रमाणे नाही," तो म्हणाला. "हा मी बदलला होता. वखारीत येऊन मोजून बदलला होता. तीन विती."

"मग कागदावर का नाही लिहिलंस?"

"वाटलं, येतील माझ्याकडेच. कुठे जातायत."

मिस्त्रीने घण उचलला. मला वाटले आता हा माणूसही जाणार. पण घण वरच राहिला. 

"ती मला सांगत होती," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझं तोंड बघून गप्प बसली. मी म्हटलं, सवय होईल."

घण त्याच्या हातातून निसटून फुटलेल्या काचांवर पडला. दोघेही तिथेच खाली बसले. एकाच्या कपाळाचे रक्त गळत होते, दुसऱ्याच्या तळव्यात काचा घुसल्या होत्या. बाहेर माणसे जमली तेव्हा चष्मेवाल्याने आतूनच ओरडून सांगितले, "काही नाही, कपाट पडलं. जा."

ते कपाट मिस्त्रीने पुन्हा बनवून दिले. हातकरवतीने, रंध्याने. यंत्राला तो आता हात लावत नाही. कपाट बनवताना तो चष्मेवाल्याशी चार शब्द बोलला असेल-नसेल. शेवटच्या दिवशी मला त्याच्या हातात दिले आणि म्हणाला, "हा इथे राहू दे. घरी ठेवला तर लेक सारखा पुसत बसते."

आता मी दुकानात असतो. चष्मेवाला प्रत्येक कागदाच्या खाली स्वतःच्या हाताने लिहितो, माणूस काय काम करतो आणि किती अंतरावरून पाहतो. लोक तो कागद घेऊन फोनवरून मागवतात, तरी तो लिहून देतो. "कुठूनही घ्या," म्हणतो, "पण हे सांगून घ्या."

मित्रांनो, मला फुंकर मारून नीट पुसा, डबीत ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला शाळेत सांगतीलच. मी एवढेच मागतो. तुमची आई, बाबा, आजोबा नवा चष्मा लावून कामाला बसले आणि 'नीट दिसत नाही' म्हणाले, तर ते पहिल्या वेळीच ऐका. चष्मा चांगला आहे की वाईट, कुठून आणला, कोणी हौसेने आणला, हे नंतर बोला. त्यांच्या हातात सुरी असेल तर सुरी घ्या. यंत्र सुरू असेल तर आधी कळ दाबा. सगळे शांत झाले की त्यांच्याजवळ जा आणि विचारा, 'काय दिसत नाही?' मग ते काय म्हणतात ते तुम्हाला ऐकू येईल.